दुसऱ्या दाव्याचा निकाल कोर्टात दाखवायचाय? आधी नक्कल काढा

‘निकाल याच कोर्टाचा आहे, साहेबांना माहीतच असेल,’ असं धरून बरेच पक्षकार नुसता दावा नंबर सांगतात. तेवढ्याने भागत नाही. काही गोष्टी पुराव्याशिवाय मान्य होतात, त्याला न्यायिक दखल म्हणतात. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 च्या कलम 52 मध्ये त्यांची यादी आहे: लागू असलेले कायदे, संसद व विधिमंडळाचं कामकाज, न्यायालयांचे शिक्के, सार्वजनिक सण आणि सुट्ट्या वगैरे. भावकीच्या वाटपाच्या दाव्यात काय ठरलं, ते या यादीत येत नाही. त्यासाठी सही-शिक्क्याची नक्कल, म्हणजे प्रमाणित प्रत लागते. ती दाखल केली की निकालासारख्या सार्वजनिक दस्तऐवजाचा मजकूर सिद्ध करता येतो (कलम 75 व 76), मूळ रेकॉर्ड आणावं लागत नाही.

दाव्यातला पक्षकार किंवा त्याचा वकील नकलेसाठी थेट अर्ज करू शकतो. त्रयस्थाला कागद कशासाठी हवेत ते लिहून द्यावं लागतं. अनेक न्यायालयांत प्रतिज्ञापत्र आणि न्यायाधीशांची परवानगीही लागते. माहिती अधिकाराचा अर्ज इथे उपयोगी पडत नाही. उच्च न्यायालयाच्या नियमांत नकलेची सोय असेल तर त्याच वाटेने जावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलं आहे. बालकांची आणि बंद दाराआड चाललेली प्रकरणं सहसा त्रयस्थाला मिळत नाहीत.

अर्जात न्यायालयाचं नाव, प्रकरणाचा प्रकार, नंबर व वर्ष, दोन्ही बाजूंची नावं आणि निकालाची तारीख लिहा. नंबर आठवत नसेल तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावावरून शोधता येतो. तिथला अक्षरं-अंक मिळून सोळा चिन्हांचा सीएनआर क्रमांकही (प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक) टिपून घ्या. सोबत ओळखपत्र ठेवा. कोर्ट फी स्टॅम्प आणि पानांचा दर न्यायालयागणिक वेगळा असतो, तो नक्कल विभागातच विचारा. संकेतस्थळावरून छापलेला निकाल वाचायला ठीक, पण ती प्रमाणित प्रत नव्हे.

सर्वांत जास्त घोळ होतो तो ‘काय हवं’ हे लिहिताना. ‘सर्व कागदपत्रे’ असं मोघम लिहू नका. न्यायनिर्णय (कारणांसह निकाल), हुकूमनामा (निकालावरून काढलेला औपचारिक आदेश), रोजनामा (तारखेनिहाय कामकाजाची नोंद), अमुक निशाणीवरचा (कोर्टाने कागदाला दिलेल्या क्रमांकावरचा) जबाब, असं एकेक नाव लिहा. आणि एक फरक नीट समजून घ्या. निकालाची नक्कल निकाल सिद्ध करते. पण त्या दाव्यात कोणी दाखल केलेली खासगी पावती केवळ कोर्टाच्या फायलीत आहे म्हणून खरी ठरत नाही. ती वेगळी शाबीत करावीच लागते.

नक्कल अवाजवी विलंब वा खर्चाशिवाय मिळत नसेल, किंवा मूळ कागदच पाहणं गरजेचं असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 13 नियम 10 खाली रेकॉर्ड मागवण्याचा अर्ज करता येतो. त्या कागदाचं दाव्याशी काय नातं, ते प्रतिज्ञापत्रात सांगावं लागतं.

अपील करायचं असेल तर निकाल लागताच अर्ज द्या. नक्कल मिळवायला लागणारा आवश्यक वेळ मुदत अधिनियम, 1963 च्या कलम 12 प्रमाणे अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, पण तयार नक्कल न नेता घालवलेले दिवस वगळले जात नाहीत. म्हणून नकलेवर अर्जाची, तयार झाल्याची आणि दिल्याची तारीख नोंदवलेली आहे ना, हे खिडकीवरच तपासून घ्या. फौजदारी खटल्यात कारावासाची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची प्रत लगेच आणि विनामूल्य मिळते. तिच्यासाठी पैसे भरू नका.