सात पौंडांनी घालवलेला धाक

बॉक्सिंगचा सामना संपल्यावर दिमित्री बिवोलचा दंड पाहवत नव्हता. ठिकठिकाणी रक्त साकळून कातडी लाल-जांभळी पडली होती. साउल ‘कानेलो’ अल्वारेझचे ठोसे त्याने बारा फेऱ्या त्या दंडावर झेलले होते. आणि तरीही जिंकला होता तोच. ७ मे २०२२, लास व्हेगास. तिन्ही पंचांचे गुण अगदी सारखे, ११५-११३.

कानेलो तेव्हा बॉक्सिंगमधलं सर्वांत मोठं नाव होतं. सहाच महिन्यांपूर्वी त्याने १६८ पौंडांच्या वजनगटातले चारही पट्टे, म्हणजे चार संघटनांची विजेतेपदं, एकत्र केले होते. व्यावसायिक कारकिर्दीत तो तोवर एकदाच हरला होता, २०१३ मध्ये फ्लॉइड मेवेदरकडून. बिवोलशी लढण्यासाठी तो एक गट वर, १७५ पौंडांत गेला आणि हरून परतला. तेव्हापासून चाहत्यांत दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, कानेलो अंगाने लहान पडला. दुसरा म्हणतो, अंगाचं निमित्त कशाला सांगता, बिवोलने त्याला खेळात हरवलं. या दुसऱ्या तटाच्या हातात एक भक्कम पुरावाही आहे. याच १७५ च्या गटात कानेलोने २०१९ मध्ये सर्गेई कोवालेवला अकराव्या फेरीत आडवं केलं होतं. तेव्हा नाही का तो लहान पडला?

दोन्ही तटांचं थोडं थोडं बरोबर आहे असं म्हणून हा वाद मिटवता येईल. पण मग त्यातली खरी गंमत हातची जाईल. आधी साधा हिशेब करून पाहू.

सात पौंड म्हणजे सुमारे ३.२ किलो, १६८ च्या मानाने ४ टक्के. स्नायूचा जोर त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरतो. वजन मात्र घनफळाबरोबर वाढतं. त्यामुळे शरीर सगळीकडून सारखंच मोठं झालं, तर जोर वजनाच्या दोन-तृतीयांश घाताने वाढतो. वेटलिफ्टिंगच्या वेगवेगळ्या गटांतले विक्रम आलेखावर मांडले तर तेही ढोबळमानाने याच रेषेवर बसतात. या नियमाने ४ टक्के जास्त वजनाच्या माणसाचा जोर २.८ टक्क्यांनी जास्त भरतो. एवढ्याशा फरकाने जगज्जेता हरावा, हे पटत नाही.

शिवाय जोर म्हणजे ठोसा नव्हे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सात ऑलिंपिक बॉक्सरांना एका पुतळ्याच्या चेहऱ्यावर ठोसे मारायला लावले होते. मोटारींच्या धडक-चाचण्यांत बसवतात तसला तो पुतळा, डोक्यात आणि मानेत मापक यंत्रं असलेला. बॉक्सर हलक्या गटांपासून सुपर हेवीवेटपर्यंतचे. सरासरी ठोसा भरला सुमारे ३४०० न्यूटन, म्हणजे साडेतीनशे किलोचं ओझं क्षणभर गालावर यावं तितका. मुठीचा वेग सेकंदाला ९ मीटर. पण माझ्या मते या अभ्यासातला सर्वांत बोलका आकडा तिसराच आहे, ‘परिणामी वस्तुमान’, म्हणजे मुठीबरोबर प्रत्यक्षात येऊन धडकणारं वजन, २.९ किलो. माणसाचा पंजा जेमतेम अर्ध्या किलोचा असतो. मग बाकीचे अडीच किलो येतात कुठून?

ते येतात मागून. मागचा पाय जमिनीला रेटतो, कंबर वळते, खांदा पुढे येतो, आणि मूठ टेकते त्या क्षणी मनगट, कोपर, खांदा आवळले जातात. स्पर्श टिकतो सेकंदाच्या जेमतेम शंभराव्या भागाइतका. तेवढ्या वेळात सांधे घट्ट असले तर हात आणि खांद्याचा काही भाग मुठीला जोडला जातो. एक सांधा जरी सैल पडला तरी मागचं वजन मागेच राहतं. वरच्या गटांतल्या बॉक्सरांचे ठोसे जास्त जोरदार होते ते मुख्यतः या मागच्या वजनामुळे, असं त्या अभ्यासात दिसलं. हाताच्या वेगाचा त्यात फारसा वाटा नव्हता.

अंग मुठीमागे आणण्याची ही हातोटी बॉक्सर गट बदलताना बरोबर घेऊन जातो. १७५ पौंडांत कानेलोचा ठोसा हलका झाला होता असं मला मुळीच वाटत नाही. त्याला बिवोलचा दंडच साक्षी आहे.

बदलला होता तो ठोसा खाणारा. डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. त्यात जवळपास दीड किलोचा मेंदू द्रवात तरंगत असतो. हनुवटीवर बाजूने हूक, म्हणजे कोपर वाकवून वळसा घेत मारलेला ठोसा, बसला की डोकं गर्रकन फिरतं, मेंदू किंचित मागे राहतो आणि त्याचे तंतू ताणले जातात. माणूस कोसळतो तो मुख्यतः या फिरण्यामुळे. डोकं किती फिरेल हे मान ठरवते. ठोसा येताना दिसला आणि मान वेळेवर ताठ झाली, तर डोकं धडाला जोडलं जातं आणि तोच ठोसा जास्त वस्तुमानात वाटला जातो. न दिसलेला ठोसा घातक ठरतो तो याचमुळे. जाड मान आणि रुंद धड असलेल्या माणसाला तोच मार कमी लागतो, आणि त्याचे पायही जागेवरून कमी हलतात, म्हणून उलटा ठोसा मारायला तो लवकर तयार असतो.

केल ब्रूकला हे २०१६ च्या सप्टेंबरमध्ये लंडनला कळलं. १४७ पौंडांतला हा अपराजित विजेता थेट १६० मध्ये गेनाडी गोलोव्किनसमोर उभा राहिला. दुसऱ्या फेरीत त्याने गोलोव्किनला असे काही स्वच्छ ठोसे मारले की सभागृह उठून उभं राहिलं. गोलोव्किन ते खात खात पुढे येत राहिला. पाचव्या फेरीत ब्रूकच्या प्रशिक्षकाने टॉवेल टाकून हार मानली, तोवर ब्रूकच्या डोळ्याची खोबण मोडली होती.

पंचांच्या गुणपत्रकात न दिसणारी एक गोष्ट इथे येते. जबर ठोसेबाजासमोर प्रतिस्पर्धी हात आखडतो. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, टाकला आणि चुकला तर उत्तरात काय येईल, या विचाराने तो कमी मारतो, जास्त झाकतो. हा धाक म्हणजे ठोसेबाजाची अर्धी कमाई. आणि तो ठोशाच्या जोराच्या प्रमाणात हळूहळू उतरत नाही. त्याला उंबरठा असतो. ‘हा झेलता येतो’ असं समोरच्याला एकदा कळलं की तो एकदम सरतो. म्हणूनच अडीच-तीन टक्क्यांचा फरक रिंगणात फार मोठा होऊन बसतो.

कानेलो-बिवोल सामन्याचं गुणपत्रक या नजरेने वाचावं. पहिल्या चार फेऱ्या तिन्ही पंचांनी कानेलोला दिल्या होत्या. त्यावर बरीच टीका झाली, ती रास्तही आहे. पण फेरी जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ गुण मिळतात, त्यामुळे ११५-११३ म्हणजे सात फेऱ्या विरुद्ध पाच. चार आधीच कानेलोच्या खात्यात असतील, तर उरलेल्या आठांपैकी त्याला फक्त एक मिळाली. बिवोलने एकूण ७१० ठोसे टाकले, कानेलोने ४९५. फेरीमागे ५९ आणि ४१. लागले १५२ आणि ८४. दंड सुजत असतानाही ज्याचा हात थांबत नाही, त्याच्यावर धाक उरलेला नसतो. कोवालेव तेव्हा ३६ वर्षांचा होता आणि दहाच आठवड्यांपूर्वी अकरा फेऱ्या लढून आला होता. त्याच्यावर तोच धाक चालला. गट एकच होता, झेलणारं शरीर वेगळं होतं.

तराजूचंही सांगायला हवं. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये वजन आदल्या दिवशी घेतात. बॉक्सर त्याआधी घाम गाळून, पाणी तोडून वजन उतरवतात आणि रात्रीतून कित्येक किलो परत चढवतात. स्नायूंत साठणाऱ्या दर ग्रॅम ग्लायकोजनबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी येतं, त्यामुळे जेवण आणि पाणी मिळताच शरीर फुगतं. विजेतेपदं देणाऱ्या संघटनांपैकी आयबीएफने बऱ्याच लढतींत दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन करून मर्यादेच्या वर १० पौंडच चालवून घेण्याचा नियम वापरला आहे. खालून आलेल्या बॉक्सरला वजन उतरवावं लागत नाही, म्हणून परत चढवायलाही त्याच्याकडे काही नसतं. घंटा वाजते तेव्हा कागदावरचे सात पौंड सातच राहिलेले नसतात. आणि मुद्दाम स्नायू वाढवून तो वर आला, तर त्या स्नायूंना लागणारा प्राणवायू जुन्याच हृदयाला पुरवावा लागतो.

गट लहान तितकं हे सगळं जास्त जाचक. रोमान ‘चोकोलातितो’ गोन्झालेझ १०५ पौंडांपासून सुरुवात करून ११५ पर्यंत चढला आणि चार गटांत विजेता झाला. ही वाढ साडेनऊ टक्क्यांची. ४६ सामने तो हरला नव्हता. मार्च २०१७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये श्रीसकेत सोर रुंगविसाईने त्याला पहिल्याच फेरीत खाली बसवलं. गोन्झालेझ उठला, शेवटपर्यंत लढला, आणि निसटत्या निकालात हरला. त्या निकालाविषयी आजही वाद होतात. सप्टेंबरमधल्या दुसऱ्या लढतीत चौथ्या फेरीतच सगळं संपलं आणि वादाला जागाच राहिली नाही.

मग वर जाऊन जिंकणाऱ्यांचं काय? १३ सप्टेंबर २०२५ ला त्याच लास व्हेगासमध्ये कानेलो दुसऱ्या बाजूला उभा होता. आता तो मोठा होता. समोरचा टेरेन्स क्रॉफर्ड आदला सामना १५४ पौंडांत लढलेला, दोन गट आणि चौदा पौंड चढून आलेला. वजनाचं गणित पाहता क्रॉफर्ड हरायला हवा होता. तो तिन्ही पंचांच्या मते जिंकला.

क्रॉफर्डने धाकावर भिस्त ठेवलीच नव्हती. त्याचं भांडवल अंतराचं होतं. उंची दोघांची जवळपास सारखी, पण पसरलेल्या हातांची लांबी कानेलोची १७९ सेंटीमीटर आणि क्रॉफर्डची १८८. बिवोलची १८३ आहे. म्हणजे चौदा पौंड खालून आलेल्या माणसाचे हात बिवोलपेक्षाही लांब होते. हाडांची ही लांबी खाऊन-पिऊन वाढत नाही, आणि तराजूवर ती दिसतही नाही. कानेलोला त्याच्यापर्यंत पोचायला पाऊल पुढे टाकावं लागत होतं. पाऊल टाकता टाकता मारलेल्या ठोशाला मागच्या पायाचा पुरता रेटा मिळेलच असं नाही, आणि मग मुठीमागचे ते अडीच किलो मागेच राहू शकतात.