आडनावाला जुळेल असं नाव

माझ्या भावाला मुलगी झाली आणि आत्या म्हणून नाव ठेवायचा मान माझ्याकडे आला. पंचवटीतल्या घरी गुरुजींनी रोहिणी नक्षत्राची अक्षरं कागदावर लिहून दिली होती: ओ, वा, वी, वू. आमचं आडनाव टकले. सुचेल ते प्रत्येक नाव वहिनी आडनावासकट तीन-तीनदा मोठ्याने म्हणून बघायची. शाळेत हजेरी घेताना पोरं हसायला नकोत, एवढंच तिचं म्हणणं होतं. माझा भाऊ त्यातून गेलाय, त्यामुळे ती काळजी मला क्षुल्लक वाटली नाही.

ही काळजी आज घरोघरी दिसते, पण ती फार जुनी नाही. नाव कसं असावं याचे नियम मात्र खूप जुने आहेत. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरी असावं असं सांगितलंय. मनुस्मृती मुलीचं नाव सहज उच्चारता येणारं, कानाला गोड आणि दीर्घ स्वराने संपणारं असावं म्हणते. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण धरून 108 जन्माक्षरं ठरली. त्यांत आर्द्रा नक्षत्राला 'ङ'सुद्धा आहे, त्याच्यावरून नाव ठेवणार तरी काय? म्हणून पत्रिकेतलं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं, अशी वाट लोकांनी काढली. या सगळ्यात आडनावाचा विचार कुठेच नाही.

नसणारच. जुन्या मोडी कागदांत माणूस 'अमुक बिन तमुक' असा येतो, म्हणजे अमक्याचा मुलगा. सोबत गाव, नाहीतर वतन. कुलकर्णी, देशमुख, चिटणीस, पोतनीस ही मुळात कामाची नावं. गावाला 'कर' लावून तर किती आडनावं झाली. उरलेली गावाने ठेवली, आणि गाव काही हळुवारपणे नाव ठेवत नाही. कुणाचं टक्कल, कुणाचं बोबडं बोलणं, कुणाचा वाकडा पाय डोळ्यांत भरला आणि तेच घराण्याला चिकटलं. लांडगे, गाढवे, उंदरे, आगलावे, पोटदुखे ही त्यातलीच. 'आडनाव' या शब्दातला 'आड' आडवाटेतला, आडबाजूचा आहे. मुख्य नाव नव्हेच ते.

उलट पूर्वी नाव मुद्दाम वाईट ठेवत. आजोबांच्या अस्थी घेऊन आम्ही रामकुंडावर गेलो तेव्हा तीर्थोपाध्यायांनी त्यांची लांबट वही उघडली. गाव, कूळ विचारत पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: केरू. आमचे पणजोबा. आधीची दोन भावंडं गेल्यावर हे जन्मले, म्हणून दृष्ट लागू नये, यमालाही नकोसं वाटावं, असं केरकचऱ्यातलं नाव. त्याच पानावर एक दगडू आणि एक धोंडू होता. त्या आईने नाव ठेवताना मूल जगावं एवढंच पाहिलं. पुढे कोण हसेल, हा प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता. ती शाई बघताना मला भरून आलं होतं.

आणि एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. नव्या घराला जुळेल असं नाव घ्यायची पाळी आधी सुनेवर आली. लग्नात ताटभर तांदळांत अंगठीने नवं नाव लिहायचं. नवरा माधव, तर ही रमा. वीस वर्षं ज्या नावाला ओ दिली ते एका संध्याकाळीत पुसलं जायचं. दत्तक मुलाचंही नाव बदले. आपले कुसुमाग्रज जन्माने गजानन रंगनाथ, दत्तक गेल्यावर विष्णू वामन झाले. टिकलं ते शिरवाडकर, निफाड तालुक्यातल्या शिरवाड्यावरून आलेलं.

1869 मध्ये नाशिक स्वतंत्र जिल्हा झाला. इंग्रजी अमलात जमिनीचे उतारे, जनगणना, कोर्टकचेऱ्या, शाळेचं जनरल रजिस्टर आलं. या कागदांना प्रत्येक माणसाचं ठरलेलं आडनाव हवं होतं. एकदा लिहिलं की ते पोराला, नातवाला तसंच लागू. शाळेने तर आडनाव आधी आणि नाव मागून लिहिलं. जे वर्षानुवर्षं आडबाजूला होतं ते रोज सकाळी पहिल्यांदा पुकारलं जाऊ लागलं. नाव आडनावाच्या शेजारी ठेवून बघायची गरज खरी इथून सुरू झाली, असं मला वाटतं.

मग आई-बाप ऐकायला शिकले. कोरडे असतील तर सरिता नको, अंधारे असतील तर दीपक नको, कारण दोन शब्द मिळून तिसराच अर्थ होतो. 'अनिकेत तांबे' म्हणताना दोन त एकमेकांना चिकटतात. आडनाव बोचणारं असेल तर नाव साधं, दोन-तीन अक्षरांचं बरं, फार भरजरी नाव शेजारी ठेवलं की आडनाव जास्तच उठून दिसतं. 2019 ते 2021 या काळात देशाच्या सरन्यायाधीशांचं नाव शरद अरविंद बोबडे होतं. 'शरद' त्या आडनावाशेजारी किती शांत बसतं.

आडनावच बदलायचं तर राजपत्रात नोंद करता येते, काही जण करतातही. भाऊ नको म्हणाला. केरूंच्या वहीतलं पान तुटेल, हे त्याचं कारण.

घाईही नव्हती. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवायही होते. नाव वर्षभरात विनाशुल्क आणि पुढे विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येतं. शिवाय 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नावही आलं: आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव.

बाराव्या दिवशी मी बाळाच्या कानात कुर्रर्र केलं आणि 'ओवी' म्हणाले. पुढच्या आठवड्यात भावाने अर्ज भरला. ओवी आणि टकले यांच्या मधे वहिनीचं आणि त्याचं नाव आलं. वहिनीने ती ओळ मोठ्याने वाचली, या वेळी एकदाच.