कृष्णवर्णीय अमेरिकन गवंडी-कंत्राटदार (१९४०–१९७०)

अमेरिकेच्या शहरांत विसाव्या शतकाच्या मध्यास विटकाम, गिलावा, काँक्रीटकाम, सुतारकाम आणि घरबांधणी हे व्यवसाय करणारा आफ्रिकन-अमेरिकन कारागीर-कंत्राटदारांचा वर्ग. यातले बहुतेक जण आधी हातात थापी घेतलेले कारागीर होते, मग मुकादम आणि शेवटी छोटे कंत्राटदार झाले. त्यांचा धंदा घरातूनच चाले. गोऱ्या कंत्राटदाराला तालीम कामगार संघटनेकडून, भांडवल बँकेकडून आणि हमी विमा कंपनीकडून मिळे. कृष्णवर्णीय कंत्राटदाराला ही तिन्ही दारे बंद असत. तालीम बापाकडून घ्यायची, भांडवल घरच्या बचतीतून उभे करायचे आणि हमी म्हणून कुटुंबाची पत पणाला लावायची, हाच त्याचा रस्ता होता. म्हणून या वर्गाचा इतिहास कंपन्यांच्या नोंदींपेक्षा कुटुंबांच्या आयुष्यात जास्त सापडतो.

या कसबाची मुळे गुलामगिरीत आहेत. यादवी युद्धापूर्वी दक्षिणेतील वाडे, चर्च आणि न्यायालये बांधणाऱ्यांत गुलाम गवंडी, सुतार आणि गिलावा करणारे मोठ्या संख्येने होते. मालक त्यांना दुसऱ्यांकडे भाड्याने पाठवत आणि मजुरी आपल्या खिशात घालत. मुक्तीनंतर कारागिरांकडे जमीन नव्हती, पैसा नव्हता, हात मात्र तयार होते. टेनेसी राज्यातील मॅकिसॅक घराण्यात गुलाम आजोबांचे बांधकामाचे कसब पिढ्यान्‌पिढ्या उतरले. तिसरे मोझेस मॅकिसॅक यांनी १९०५ मध्ये नॅशव्हिल येथे कंपनी काढली, पुढे भाऊ कॅल्विन त्यांना येऊन मिळाले. १९४२ मध्ये अलाबामातील टस्कीगी येथे कृष्णवर्णीय वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी विमानतळ उभारण्याचे सुमारे ५७ लाख डॉलरचे काम याच कंपनीकडे आले. केंद्र सरकारने कृष्णवर्णीय कंपनीला दिलेले तोवरचे हे सर्वांत मोठे कंत्राट होते. त्याच गावात कृष्णवर्णीय शिक्षणतज्ज्ञ बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ मध्ये सुरू केलेल्या संस्थेत विद्यार्थी स्वतः विटा पाडून स्वतःच्या शाळेच्या इमारती बांधत. पुढे शहरांत नाव काढणाऱ्या अनेक कंत्राटदारांचे शिक्षण तेथेच झाले.

१९१० ते १९७० या काळात सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक दक्षिण सोडून उत्तरेकडील आणि पश्चिमेकडील शहरांत गेले. त्यांच्याबरोबर थापी आणि ओळंबाही गेला, पण तिथल्या बांधकामांवर कामगार संघटनांची पकड होती. थापीच्या कामांत, म्हणजे विटकाम, गिलावा आणि सिमेंटकाम यांत, कृष्णवर्णीयांना थोडाफार शिरकाव मिळे. दक्षिणेत या कामांवर त्यांचा जम जुना होता आणि ती कामे अंगमेहनतीची, अंग मळवणारी होती. नळजोडणी, वीजकाम, पत्रेकाम आणि लोखंडी सांगाडे उभारणे या चढ्या मजुरीच्या कामांत मात्र त्यांना जवळजवळ बंदीच असे. अनेक संघटनांत उमेदवारीची जागा सभासदाच्या मुलाला किंवा पुतण्याला जाई. न्यूयॉर्कमधील पत्रे कारागिरांच्या २८ क्रमांकाच्या शाखेत १९६४ पर्यंत एकही कृष्णवर्णीय सभासद नव्हता. त्या वर्षी राज्याच्या मानवी हक्क आयोगाने तिला भेदभावाबद्दल दोषी ठरवले. बापाचा धंदा मुलाने घ्यावा ही रीत दोन्हीकडे सारखीच होती. फरक एवढा की एका बापाच्या मागे संघटनेचा शिक्का होता आणि दुसऱ्याच्या मागे काहीच नव्हते.

गिलाव्याचे काम पाहिले की तालीम घरातच का होई ते कळते. त्या काळच्या घरात भिंतीवर आधी लाकडी पट्ट्या किंवा धातूची जाळी ठोकत आणि त्यावर गिलाव्याचे तीन थर चढत. पहिला थर ओला असतानाच दातेरी हत्याराने ओरखडायचा, म्हणजे दुसरा थर त्याला धरून बसतो. दुसरा लांब सरळ पट्टीने सपाट करायचा. तिसरा थर चुना आणि जिप्समचा, अगदी पातळ. तो घट्ट होण्याआधी घोटून घोटून गुळगुळीत करायचा, एकदा सुकला की दुरुस्तीला वाव नाही. माल कालवणे, खांद्यावरून तो परातीवर पोचवणे आणि कारागिराची थापी रिकामी राहू न देणे हे बिगाऱ्याचे काम. कारागिराचा मुलगा शनिवारी आणि शाळेच्या सुट्टीत हेच बिगारकाम करी. चुन्याने बोटांची कातडी जाई, खांदे भरून येत. माल किती घट्ट हवा हे बाप तोंडाने सांगत नसे. मुलाला ते हाताने कळावे लागे. संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर आई हजेरी आणि बिले लिहून ठेवी. हिवाळ्यात बाहेरचे काम थंडावे, तेव्हा घर बहुधा तिच्या पगारावर चाले. शिक्षिका, परिचारिका किंवा गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करणारी म्हणून ती काम करत असे. कंत्राटदाराच्या यशाच्या गोष्टीत या बाईचे नाव क्वचितच येते. तिच्या हिशेबाशिवाय पुढच्या आठवड्याचा पगारवाटा निघाला नसता, हे इथे नोंदवलेच पाहिजे.

अटलांटाचे हर्मन जे. रसेल (१९३०–२०१४) हे या परंपरेचे सर्वांत चांगले नोंदले गेलेले उदाहरण. समरहिल या गरीब वस्तीत गिलावा करणाऱ्या रॉजर्स रसेल यांच्या घरी त्यांचा जन्म झाला. आई मॅगी घरकाम करून संसाराला हातभार लावी. हर्मन यांना बोलताना अडखळण्याचा त्रास होता. लहानपणापासून ते वडिलांच्या हाताखाली काम करू लागले आणि सोळाव्या वर्षी त्यांनी शहराकडून १२५ डॉलरला जमिनीचा एक तुकडा विकत घेतला. मित्रांच्या मदतीने त्यावर दोन बिऱ्हाडांचे घर बांधले आणि त्याच्या भाड्यावर टस्कीगीतले शिक्षण पुरे केले. १९५७ मध्ये वडील वारल्यावर धंदा त्यांच्याकडे आला. गिलाव्यापुरता असलेला हा व्यवसाय त्यांनी हळूहळू घरे आणि भाड्याच्या सदनिका बांधण्याकडे नेला. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस अटलांटाच्या व्यापारी मंडळाने त्यांना सभासदत्वाचे निमंत्रण पाठवले, तेव्हा कंपनीचा मालक कृष्णवर्णीय आहे हे मंडळाला ठाऊक नव्हते. रसेल यांनी ते स्वीकारले आणि ते मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले. नागरी हक्क चळवळीला ते गाजावाजा न करता पैसा पुरवत. पत्नी ओटेलिया आणि तीन मुले यांच्यासह ते कॉलियर हाइट्स वस्तीत राहत. मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्या घरी येत-जात असत.

कॉलियर हाइट्सची नोंद वेगळी करायला हवी. अटलांटाच्या पश्चिमेला १९५० च्या दशकापासून उभी राहिलेली ही वस्ती कृष्णवर्णीयांनी आखली, कृष्णवर्णीय बांधकाम व्यावसायिकांनी बांधली आणि बऱ्याच अंशी सिटिझन्स ट्रस्ट बँक व अटलांटा लाइफ विमा कंपनी यांसारख्या कृष्णवर्णीय संस्थांच्या पैशावर उभी राहिली. डॉक्टर, वकील, शिक्षक, पाद्री आणि कंत्राटदार तेथे शेजारी शेजारी राहत. घरे लांबट, बैठी आणि विटांची, पण खरे जीवन तळघरात. शहरातील हॉटेले आणि क्लब कृष्णवर्णीयांना बंद असल्याने पार्ट्या, सभा आणि लग्नाच्या मेजवान्या तळघरातील प्रशस्त दालनांत होत, आणि बांधणारे ती दालने आराखड्यातच धरत. ज्याला शहराने बाहेर ठेवले त्याच्या गरजा तिथल्या गवंड्याला विचारून घ्याव्या लागत नव्हत्या, त्या त्याच्याच होत्या. शहराने मात्र आपला हिसका दाखवला. डिसेंबर १९६२ मध्ये कृष्णवर्णीय कुटुंबे गोऱ्या वस्तीकडे सरकू नयेत म्हणून महापालिकेने नैर्ऋत्य अटलांटात पेटन रोडवर अडथळे उभारले. १ मार्च १९६३ रोजी न्यायालयाने ते बेकायदा ठरवले.

अशा वस्त्या अपवादच होत्या. १९३४ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय गृहनिर्माण प्रशासन गृहकर्जांना हमी देई, पण कृष्णवर्णीय आणि मिश्र वस्त्या जोखमीच्या मानून वगळी. गोऱ्या बिल्डरला या हमीवर एकेका वेळी शेकडो घरे बांधता येत. कृष्णवर्णीय बिल्डर एक घर विकून त्या पैशात दुसरे उचले. गोऱ्यांनाच घर विकण्याची करारातील अट न्यायालयामार्फत अमलात आणता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला, पण बँकांचे वागणे त्याने बदलले नाही. शिकागोत कर्ज न मिळणाऱ्या कुटुंबांना घरे हप्त्याच्या कराराने विकली जात. किंमत फुगवलेली असे, मालकी शेवटच्या हप्त्यापर्यंत विकणाऱ्याकडेच राही आणि एक हप्ता चुकला तरी घर हातचे जाई. अशा घरात राहणारा गवंडी दिवसा दुसऱ्यांची घरे बांधी आणि रात्री कागदोपत्री आपल्या नसलेल्या घराचे छप्पर दुरुस्त करी. १९६८ मध्ये नॉर्थ लॉनडेल भागातील अशा खरेदीदारांनी संघ स्थापून हप्ते थांबवले. सरकारी कामांत तर कंत्राटदाराला काम पुरे करण्याचे हमीपत्र विमा कंपनीकडून आणावे लागे. हमीपत्रासाठी मोठ्या कामाचा अनुभव हवा आणि मोठे काम मिळण्यासाठी हमीपत्र हवे, या फेऱ्यात तो आयुष्यभर पोटकंत्राटदारच राही.

१९६३ मध्ये लोक बांधकामांच्या फाटकांवरच उभे राहिले. फिलाडेल्फियात स्ट्रॉबेरी मॅन्शन भागात शाळा बांधली जात होती. कृष्णवर्णीय मुलांच्या या शाळेवर कृष्णवर्णीय कुशल कामगार जवळजवळ नव्हते. वकील व नागरी हक्क नेते सेसिल बी. मूर यांच्या नेतृत्वाखाली तेथे निदर्शने झाली. ब्रुकलिनमध्ये वैद्यकीय केंद्राच्या बांधकामावर शेकडोंना अटक झाली. १४ जुलै १९६४ रोजी सेंट लुइसमध्ये पर्सी ग्रीन आणि रिचर्ड डेली हे दोन तरुण अर्धवट बांधलेल्या गेटवे आर्च या स्मारक-कमानीवर चढून बसले आणि कुशल कामांत कृष्णवर्णीयांना वाटा मागू लागले. १९६९ मध्ये पिट्सबर्ग आणि शिकागोतही कामे बंद पाडली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये कामगार खात्यातील आर्थर फ्लेचर यांनी ‘फिलाडेल्फिया योजना’ जाहीर केली. पाच लाख डॉलरवरील केंद्राच्या मदतीच्या कामांत सहा व्यवसायांमध्ये कृष्णवर्णीयांच्या भरतीची उद्दिष्टे ठेवणे तीत बंधनकारक होते. अशी कल्पना नवी नव्हती. कृष्णवर्णीय अर्थतज्ज्ञ रॉबर्ट वीव्हर यांनी १९३० च्या दशकातच सरकारी घरबांधणीत कुशल कृष्णवर्णीय कामगारांना पगाराचा किमान वाटा मिळावा अशी अट घालून घेतली होती. १९६६ मध्ये ते देशाचे पहिले गृहनिर्माण व नगरविकास मंत्री झाले.

कामगारांना वाटा मिळू लागला तरी कंत्राटदाराचा प्रश्न निराळा राहिला. छोट्या कंत्राटदारांच्या हमीपत्रांना केंद्र सरकारची हमी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस मिळू लागली. अटलांटाचे पहिले कृष्णवर्णीय महापौर मेनार्ड जॅक्सन यांनी विमानतळाच्या कामांत मोठ्या कंपन्यांना अल्पसंख्याक कंपन्यांशी भागीदारी करणे भाग पाडले. तोवर गिलाव्याच्या जागी जिप्समचे तयार तक्ते आले होते आणि ज्या कसबावर ही घराणी उभी राहिली त्याला मागणी उरली नव्हती. मॅकिसॅक घराण्याची पुढची पिढी व्यवस्थापन व अभियांत्रिकी सेवांकडे वळली. रसेल यांची तिन्ही मुले घरच्याच उद्योगात आली.