राजा दिनकर केळकर संग्रहालय, पुणे

पुण्याच्या शुक्रवार पेठेत, बाजीराव रस्त्यालगत असलेले आणि एका माणसाच्या खासगी संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय. संस्थापक दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. अकाली वारलेला त्यांचा मुलगा राजा याच्या स्मरणार्थ हे संग्रहालय आहे. पाटीवरचे पूर्ण नाव त्या मुलाचेच. पत्नी कमलाबाई यांची केळकरांना या कामात साथ होती. पुढे केळकरांनी संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

संग्रहाची सुरुवात १९२० च्या सुमारास झाली. पुण्याचा इतिहास तेव्हा मुख्यतः दप्तरे, बखरी आणि लढाया यांतून लिहिला जात होता. केळकर मात्र घरातल्या वस्तूंच्या मागे लागले. एकत्र कुटुंबे मोडत होती आणि जुने वाडे पडत होते. पितळेची जड भांडी मोडीत जात होती, कोरीव दरवाजे लाकडाच्या भावाने विकले जात होते. त्यामुळे हा संग्रह थोडा जरी उशिरा सुरू झाला असता, तरी यातले पुष्कळसे भट्टीत वितळून गेले असते.

संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या. त्यांतल्या सुमारे अडीच हजारच मांडलेल्या आहेत. समया, लामणदिवे, दौती, कुलपे, वाद्ये, गंजिफा (खेळायचे जुने पत्ते), कळसूत्री बाहुल्या, चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथींची पैठण शैलीतील चित्रे असा हा पसारा आहे. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग आणून इथे पुन्हा उभारले आहेत आणि पाहुण्यांची गर्दी तिथेच होते.

संग्रहालयाचे खरे वैभव मात्र अडकित्ते, वजऱ्या आणि स्वयंपाकघरातली भांडी यांत आहे. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खीळ पुरते, तरी घडवणाऱ्याने अडकित्त्याचा पोपट केला, मोर केला, घोडा केला. न्हाणीघरात टाच घासायच्या वजरीचा उपयोग खालच्या खरबरीत बाजूचा. वरची मूठ मात्र पक्ष्यांनी आणि घुंगरांनी सजवलेली. कुंकवाचे करंडे, फण्या, खवण्या, शेवेचे सोरे हे सगळे रोज वापरात होते आणि बहुतेक बायकांच्या हातात होते. पेशवाईच्या कागदांत या बायका क्वचित भेटतात. दानपत्रात किंवा तंट्याच्या निवाड्यात नाव आले तर आले. त्यांच्या दिवसाचा क्रम, त्यांची हौस, घरात पाहुणचार कसा होई, हे कळायला या कपाटांइतके चांगले साधन पुण्यात दुसरे नाही.

खासगी संग्रहाला संग्राहकाच्या नजरेची मर्यादा असते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह मिळाले. ते धनिकांनी जमवलेल्या कलावस्तूंचे होते, तर केळकरांचे मन रोजच्या वापरातल्या वस्तूंवर होते. तरीही त्यांनी उचलली ती त्यांतली देखणी वस्तू. नक्षी असलेले पितळ टिकले. गरिबाघरचे मडके, फाटके घोंगडे, साधी विळी यांना इथे जागा कमी. म्हणून या दालनांवरून सगळ्या महाराष्ट्राच्या घरांचा अंदाज बांधू नये. ऐपतदार घर आणि त्यासाठी राबणारा कुशल कारागीर हीच इथली मुख्य बाजू आहे.

दुसरी अडचण विषयवार मांडणीची. दिव्यांशेजारी दिवे आणि अडकित्त्यांशेजारी अडकित्ते लावले की घडणीतले फरक लगेच दिसतात, कारागिरीच्या अभ्यासकाची सोय होते. पण देवघरातली समई, माजघरातला पानाचा डबा आणि चुलीपुढची खवणी एकाच घरात एकाच वेळी कशा नांदत होत्या, हे प्रेक्षकाला स्वतःच जुळवावे लागते. ज्यांनी आजीचे माजघर पाहिले आहे त्यांना ते जमते. फ्लॅटमध्ये वाढलेल्या मुलांसाठी एखादे संपूर्ण घर मांडून दाखवणे गरजेचे आहे. त्यासाठी लागणाऱ्या वस्तू या संग्रहात आहेत; वाड्याच्या जुन्या इमारतीत जागा तेवढी अपुरी आहे.