ई-कॅम्पेनचा मेसेज आणि १३९(९) ची नोटीस: कन्सल्टन्सीच्या कमाईवरून खातं विचारतं तेव्हा

नोकरी सांभाळून कन्सल्टन्सी करणाऱ्यांना आयकर खात्याकडून दोन प्रकारे विचारणा होते, आणि घरात दोन्हींना ‘नोटीस’च म्हणतात. एक ई-कॅम्पेनचा मेसेज, म्हणजे माहिती जुळत नसल्याची खात्याची ऑनलाइन सूचना, दुसरी कलम १३९(९) खालची ‘डिफेक्टिव्ह रिटर्न’ची, म्हणजे सदोष रिटर्नची नोटीस. मेसेज वाचून लोकांची झोप उडते, आणि खरी नोटीस ईमेलमध्ये न उघडता पडून राहते. घाई खरं तर दुसरीची करायची असते.

पुण्यातला एक पगारदार इंजिनिअर धरा. सुट्टीच्या दिवशी एका कंपनीला सल्ला देऊन त्याने वर्षात १,२०,००० रुपये कमावले. कंपनीने कलम १९४जे खाली १० टक्के, म्हणजे १२,००० रुपये टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) कापला आणि ही नोंद त्याच्या एआयएसमध्ये, म्हणजे खात्याकडच्या वार्षिक माहिती पत्रकात उमटली. त्याने रिटर्नमध्ये फक्त फॉर्म १६ चा पगार दाखवला, हे पैसेही नाहीत आणि त्यांचा टीडीएसही नाही, तर सहसा मेसेज येतो: माहिती जुळत नाही, तपासा. पण उत्पन्न न दाखवता १२,००० चं क्रेडिट मात्र घेतलं, म्हणजे ते आपल्या करातून वजा केले, तर १३९(९) ची पाळी येऊ शकते. ज्या वर्षी उत्पन्न दाखवाल त्याच वर्षी त्याच्या टीडीएसचं क्रेडिट, असं नियम ३७बीए सांगतो. यात दर वेळी लबाडी असते असं नाही. टीडीएसचा तक्ता पोर्टलवर आधीच भरून येतो, व्यवसायाची कमाई आपली आपण भरायची असते.

मेसेजचं उत्तर कम्प्लायन्स पोर्टलवर, ई-कॅम्पेनमध्ये द्यायचं. नोंद बरोबर असेल तर तसं कळवा आणि सुधारित रिटर्न भरा. त्याची मुदत गेली असेल तर अपडेटेड रिटर्न, म्हणजे आयटीआर-यू. ही सोय आता ४८ महिन्यांपर्यंत आहे, पण कर आणि व्याजावर, उशिराच्या हिशेबाने, २५ ते ७० टक्के जादा मोजावे लागतात. नोंद चुकीची किंवा दोनदा आली असेल तर फीडबॅकमध्ये तसं निवडा आणि कंपनीला तिचं टीडीएसचं विवरणपत्र दुरुस्त करायला सांगा. खरी नोंद ‘माझी नाही’ म्हणून झटकू नका. खातं कंपनीलाही विचारू शकतं आणि तिच्याकडे तुमचं बिल असतं.

नोटिशीचं प्रकरण निराळं. ती बंगळुरूच्या सीपीसीकडून, म्हणजे खात्याच्या रिटर्न तपासणाऱ्या केंद्राकडून येते, पोर्टलवरच्या ‘ई-प्रोसीडिंग्ज’मध्ये दिसते आणि मिळाल्यापासून १५ दिवसांची मुदत असते. मुदतवाढ मागता येते, पण गप्प बसलात तर रिटर्न भरलंच नव्हतं असं धरलं जाऊ शकतं. मग अडकलेला परतावा आणि वर उशिराचा दंड. (नोटीस खरी आहे का, हे तिच्यावरचा डीआयएन, म्हणजे कागदाचा ओळख क्रमांक टाकून लॉगिन न करताही पोर्टलवर तपासता येतं. एसएमएसमधल्या लिंकवर बोट ठेवू नका.)

चूक मान्य असेल तर नुसतं ‘अॅग्री’ दाबून भागत नाही, दुरुस्त रिटर्नही चढवावं लागतं आणि बहुतेकदा फॉर्मच बदलतो. आयटीआर-१ मध्ये व्यवसायाच्या कमाईला जागाच नाही. अनेक जण मग ती ‘इतर उत्पन्ना’त कोंबतात. बेरीज जुळते, नोटीसही थांबते, पण माझ्या मते हा आळस आहे आणि तो महागही पडतो. आपल्या इंजिनिअरने कलम ४४एडीए, म्हणजे ठरावीक पेशांच्या निम्म्या कमाईलाच उत्पन्न धरण्याची सोय, वापरून आयटीआर-४ भरला तर १,२०,००० पैकी ६०,००० रुपयेच उत्पन्न धरून चालतं. ‘इतर उत्पन्ना’त अख्ख्या रकमेवर कर. मात्र ४४एडीए ठरावीक पेशांनाच आहे: डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, तांत्रिक सल्लागार वगैरे. शिकवणी घेणाऱ्याने ते परस्पर वापरू नये.

एक घोळ दोन्हीकडे सारखाच निघतो, मार्चच्या बिलाचा. कंपनी मार्चमध्ये बिल नोंदवून टीडीएस कापते, पैसे एप्रिलमध्ये येतात. तुम्ही पैसे हाती आल्यावरच उत्पन्न धरत असाल तर ते पुढच्या वर्षाचं, आणि मेसेजला उत्तर देताना तेच लिहा. पण मग या वर्षी त्याचा टीडीएसही घेऊ नका. तो पुढच्या वर्षी नेण्यासाठी टीडीएसच्या तक्त्यात वेगळा रकाना असतो.