चॅलेंज व्होट, टेंडर व्होट आणि १४ टक्क्यांची अफवा

‘यादीत नाव नसेल तर आधार दाखवून कलम ४९ अ खाली चॅलेंज व्होट मागा, केंद्रावर १४ टक्क्यांहून जास्त टेंडर व्होट झाले की फेरमतदान होते’ हा मेसेज दर निवडणुकीत फिरतो. यातलं काहीही खरं नाही, आणि त्यावर विसंबून माणसं उन्हात रांगा लावून परत जातात याचं फार वाईट वाटतं.

चॅलेंज मतदार करत नाही. समोरचा माणूस तोतया आहे अशी शंका आली, तर पोलिंग एजंट, म्हणजे उमेदवाराचा केंद्रावरचा प्रतिनिधी, २ रुपये भरून आक्षेप नोंदवतो. मेसेजमधलं ‘४९ अ’ हे निवडणूक नियमांतलं कलम मतदान यंत्राच्या रचनेबद्दल आहे.

टेंडर व्होट, म्हणजे प्रदत्त मत, मात्र खरंच असतं. तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल, तर ओळख पटवून मतपत्रिका मिळते. यंत्राचं बटण नाही, कागदच. तो वेगळ्या पाकिटात सीलबंद होतो आणि नेहमीच्या मोजणीत धरला जात नाही. १४ टक्क्यांचा नियम कुठेच नाही.

यादीत नावच नसेल तर त्या दिवशी मत देता येत नाही. नावनोंदणीसाठी नमुना ६ आधीच भरावा लागतो.