गाडी बुक करण्याआधी पार्किंगची वायर बघा

पेट्रोलची गाडी काढून इलेक्ट्रिक घ्यायची म्हटलं की शोरूममध्ये रंग, रेंज आणि हप्त्यावर तासभर बोलणं होतं. रात्री ती चार्जिंगला कुठे लावणार, हे कोणी विचारत नाही. मुंबईत गाडं अडतं ते तिथेच. आम्ही सोसायट्यांमध्ये चार्जिंग पॉइंट बसवतो. ग्राहकांशी रोज जे बोलावं लागतं, ते इथे एकदा लिहून काढलं आहे.

बंगलेवाल्यांनी भिंतीत सॉकेट बसवला की काम झालं. आपल्याकडे घर सातव्या मजल्यावर, मीटर जिन्याखालच्या केबिनमध्ये आणि पार्किंग इमारतीच्या मागच्या अंगाला. केबल सगळ्यांच्या हद्दीतून जाते, म्हणून सोसायटीची एनओसी लागते. घरच्याच वीजजोडणीवर गाडी चार्ज करायला केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मुभा दिली आहे. कमिटीला हे जरूर सांगा, पण भांडणाच्या सुरात नको. केबल कुठून कशी जाणार त्याचा कागदावर नकाशा दाखवला की निम्मा विरोध तिथेच मावळतो.

मोठा चार्जर हवाच का?

बहुतेकांना नको, आणि हे आम्ही स्वतःचा धंदा कमी करून सांगतो. 15 अँपिअरच्या सॉकेटवर गाडी साधारण अडीच किलोवॅट घेते. रात्री आठ तासांत 20 युनिट झाले आणि एका युनिटला सहा किलोमीटर धरले, तर 120 किलोमीटरची सोय झाली. बोरिवलीहून फोर्टला जाऊन-येऊनही त्यातलं उरतं. 7.2 किलोवॅटचा चार्जर बसवायचा तर आधी बिलावरचा मंजूर भार, म्हणजे घराला एका वेळी किती किलोवॅट ओढायची परवानगी आहे, तो पाहा. दोन एसी आणि गिझर असलेल्या घरात तो वाढवून घ्यावाच लागतो.

मात्र सॉकेट लहान असला म्हणून वायर स्वस्तातली चालत नाही. गिझर पंधरा मिनिटं चालतो, गाडी रात्रभर वीज ओढते. सैल स्क्रू असलेला सॉकेट आधी पिवळा पडतो, मग वितळतो. पहिल्या मजल्याच्या खिडकीतून सोडलेला एक्स्टेंशन बोर्ड दिसला की आमच्या पोटात गोळा येतो. स्वतंत्र केबल, एमसीबी (भार जास्त झाला की पडणारा स्विच), आरसीसीबी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि मोजून तपासलेलं अर्थिंग, यात आम्ही काटछाट करत नाही.

बिलाचंही गणित करा. रोज 10-12 युनिट म्हणजे महिन्याला तीनशेच्या घरात. घरच्या मीटरवर हे पडले की बिल वरच्या, महागड्या स्लॅबमध्ये जातं. चार्जिंगसाठी वेगळा दर आहे. त्यासाठी वेगळं मीटर घ्यावं लागतं. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा, मुलुंड-भांडुपला महावितरण. ज्याची वीज, त्याच्याकडे अर्ज.

स्टॅक पार्किंगवाल्यांनी, म्हणजे जिथे यंत्राने एकावर एक गाड्या लावतात त्यांनी, जरा थांबावं. वरखाली होणाऱ्या पॅलेटवर केबल नेणं सोपं नसतं आणि बॅटरीमुळे गाडी तिच्या पेट्रोल भावंडापेक्षा जड असते. पॅलेटची वजनमर्यादा पाहिल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. अशा ठिकाणी सोसायटीने मोकळ्या जागेत एक-दोन सामायिक पॉइंट, कोणी किती वीज वापरली ते मोजणाऱ्या सबमीटरसह घेतलेले बरे.

पावसाचं वेगळं सांगायला नको. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. आम्ही वॉचमनला आणि जुन्या रहिवाशांना तेव्हा पाणी कुठवर आलं होतं ते विचारतो आणि पॉइंट त्याच्या वर लावतो. पार्किंगमध्ये पाणी भरू लागलं तर प्लग ओढायला जाऊ नका. आधी मीटर केबिनमधला एमसीबी पाडा.

गणपतीत कोकणात जाणाऱ्यांनी वाटेतला चार्जर बंद किंवा रांगेचा निघेल असं धरूनच वेळ काढावा.

आणि हक्काचं पार्किंगच नसेल, गाडी रस्त्यावर उभी राहत असेल, तर आमच्याकडे उपाय नाही. तिथे सीएनजीच बरा. डिकी जाते, पंपावर रांग लागते, तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) करावी लागते. पण रात्रीची झोप मिळते.

पाहणीला बोलावताना विजेचं ताजं बिल आणि पार्किंग अलॉटमेंटचं पत्र काढून ठेवा, मीटर केबिनची किल्ली कोणाकडे आहे तेही विचारून ठेवा. गाडी बुक झालीच असेल, तर डिलिव्हरीच्या दीड महिना आधी कळवा. कमिटीची मीटिंग महिन्यातून एकदाच होते.